बिजलीची नखं

१

रामराव देशमुखांचं प्रेत रमण्यातल्या गवतात उताणं पडलं होतं आणि त्यांच्या उशाशी त्यांचीच शिकारीची चित्तीण बसली होती. तिचं नाव बिजली. तिच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी होती आणि गळ्यातली साखळी गवतात मोकळी पडली होती. देशमुखांचं नरडं हनुवटीखाली आडवं चिरलेलं होतं. शेजारी एक लाकडी पळी होती. पळीत काठोकाठ रक्त होतं, त्यावर साय धरली होती.

खुशालराव पाटील पोचले तेव्हा गाव आधीच जमलं होतं. पण जवळ कोणी जात नव्हतं. देशमुखांचा गाडीवान नत्थुजी तेवढा प्रेताजवळ गुडघ्यांत डोकं घालून रडत होता.

"काय झालं नत्थू?"

"म्या झोपलो पाटील. म्या झोपलो अन् मालक गेले."

पळसखेडचा रमणा म्हणजे देशमुखांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठी राखलेलं गवती रान. मोर्णा नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठानं ते पसरलं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली, विलायतेला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लोकांनी गायरानं मोडली, बांध फोडले, मसणवटीपर्यंत पराटी, म्हणजे कपाशी, लावली. या भागात एवढा रमणा तेवढा हिरवा राहिला होता, आणि आता देशमुखांनी तोही कपाशीला द्यायचं ठरवल्यानं त्याच्यावरही कुऱ्हाड चालली होती.

देशमुखांची शिकार सगळ्या गावाला ठाऊक होती. बिजलीला टोपी घालून छकड्यात बसवायचं. काळविटं बैलगाडीला भीत नाहीत. छकडा कळपाजवळ नेला की टोपी काढायची, की ती सुटायची. शिकार पडली की चित्तेवान जहीर धावत जायचा, शिकारीचं रक्त पळीत धरून तिच्यापुढे करायचा आणि ती पळीकडे वळली की पुन्हा टोपी चढवायचा. गर्दीनं चित्ता बुजतो म्हणून देशमुख दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नसत. नंतर काळवीट चावडीपुढे आणून टाकत. त्याचं चिरलेलं नरडं देशमुख मिशीवरून हात फिरवत सगळ्यांना दाखवत. "पाहा बिजलीची नखं," म्हणत. मग घरोघर वाटा जाई.

म्हणून आता गावाला कोडं पडलंच नव्हतं.

"जहीरनं सोडली तिले मालकाच्या अंगावर," मागून कोणी म्हणालं. "पळी अन् टोपी त्याच्याबिगर कोन करते?"

"रमणा मोडल्यावर चित्ता कशाले पाहिजे? मालकानं त्याले दुसरीकडं पोट भराले सांगतलं होतं ना."

"गोळी घाला तिले आधी!"

खुशालरावांनी मानेवरची सरळ चीर निरखली. त्यांनी बिजलीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीखालचे पांढरे केस स्वच्छ होते. तिनं चाटून पुसले असतील, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात नाल्याकडून आरडाओरडा झाला. खुशालरावांचा मेहुणा पुंजाराम एका माणसाला मानगुटीला धरून ओढत आणत होता. तो जहीर होता. सदरा काट्यांनी फाटलेला, हाताला ओरखडे.

"हा पाहा भाऊजी," पुंजाराम धापा टाकत म्हणाला. "झुडपात दडून बसला होता."

जहीरनं देशमुखांचं प्रेत पाहिलं आणि मालक म्हणून हाक मारली.

"कुठं होतास?" खुशालरावांनी विचारलं.

जहीरनं मान हलवली. "ते नाई सांगू शकत, पाटीलसाब."

२

श्रावणात पटकी आली होती. कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीहून आली, असं लोक म्हणत. ती पळसखेडात आली आणि जाताना खुशालरावांच्या गोदाबाईला घेऊन गेली. सकाळी तिनं भाकरी टाकल्या होत्या. सांजेला ती नव्हती.

गावानं दारं लावून घेतली. पाटलाच्या अंगणात ताटी पडून राहिली आणि खांदा द्यायला कोणी येईना. पुंजाराम गोदाबाईचा धाकटा भाऊ, तिनं हातांवर वाढवलेला. तोही शिवेपलीकडच्या शेतात जाऊन बसला. शेवटी जहीर आला. काही न बोलता त्यानं ताटीचं पुढचं टोक उचललं. मागचं खुशालरावांनी. दोघांनीच तिला नेलं.

पुंजाराम नंतर आला. पायावर डोकं ठेवून रडला. खुशालरावांनी त्याला घरातच ठेवून घेतलं. लोकांना वाटलं, पाटलाचं मन मोठं. मन मोठं नव्हतं. पुंजाराम हसला की गोदाबाई हसल्यासारखी वाटायची. दुसरं काही उरलं नव्हतं घरात.

आता जहीर चावडीच्या खोलीत बंद होता आणि अकोल्याला निरोप गेला होता. उद्या सकाळी जमादार येणार. एकदा कचेरीत नेल्यावर काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. देशमुखाचा खून म्हणजे फाशी.

चावडीच्या पायरीवर जहीरची बायको हलीमाबी बसली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, पण आवाज खणखणीत होता.

"पाटील, तुमच्या घरात मौत झाली तवा कोन आलतं?"

"जहीर आलता."

"मंग माह्या घरात मौत तुमी काहून आनून राहिले?"

"मी नाई आनली बाई."

"तुमच्या कुलपात हाये तो. तुमच्या कुलपातून त्याले नेतीन. मी लेकराईले काय सांगू? पाटलानं खांदा असा फेडला म्हनून सांगू?"

 खुशालराव उठून कापूस वेचणाऱ्या बायांकडे गेले.

वेचणीचे दिवस होते. रमण्याच्या तीन बाजूंना पराटीची शेतं, चौथ्या बाजूला नाला. पहाट फुटल्यापासून तिन्ही बाजूंना बाया पसरलेल्या असत. त्यांची म्होरकी मैनाबाई ओटीतला कापूस सावरत उभी राहिली.

"मैनाबाई, सकाळी रमण्यात कोन कोन गेलं?"

"आमी बोंडं वेचतो पाटील, मानसं नाई वेचत."

"डोळे तं मोकळे असते ना?"

ती हसली, मग हसू आवरलं. "अंधार होता तवा जहीर गेला, पायी. मंग मालकाचा छकडा. नत्थू हाकत होता, बिजली मागं बसून होती. अन् तुमचा पुंजाराम गेला विळा-कुऱ्हाड घेऊन, बाभळी तोडाले."

"आनखी कोन?"

"कोनीच नाई. कुत्रंही गेलं असतं तं आमी हाकललं असतं. नाल्यात गाळ हाये, तिकून मानूस बुडते."

"पक्कं?"

"देवीसमोर सांगीन." ती जवळ आली. "पाटील, त्या जहीरची बायको काल माह्या संगं वेचत होती. आज तिची पराटीची वळ तशीच हाये. कोनी हात लावून नाई राहिलं."

खुशालराव परत फिरले. रमण्यात तीन माणसं गेली होती. जहीर, नत्थुजी आणि पुंजाराम. तिसरं नाव त्यांनी मनातल्या मनात पुसून टाकलं.

३

नत्थुजी देशमुखांच्या गोठ्यात बैलांजवळ बसला होता. त्याला अफूची सवय होती हे सगळ्यांना माहीत होतं. देशमुख हयात असताना ते गमतीनं म्हणत, माझा एक बैल बसून हाकतो.

"सांग," खुशालराव म्हणाले.

"मालक म्हने, छकडा बाभळीखाली उभा कर, मी पायी पाहून येतो. गेले. मी थोडं घेतलं होतं. डोळा लागला. जाग आली तं छकडा रिकामा. बिजली नाई, पळी नाई. मी धावत गेलो तं..." त्यानं तोंड झाकलं.

"बिजली परक्या मानसाबरोबर जाते काय?"

"टोपी घातली की गायीवानी जाते, पाटील. साखळी धरली की चालू लागते. तिले काय, कोनीही न्यावं."

"जहीर तुमच्यासंगं काहून नव्हता?"

"मले नाई मालूम. मालकानं इचारलंच नाई त्याचं. जसं काई त्याईले मालूमच होतं, तो कुठं हाये ते."

गोठ्याच्या कोपऱ्यात बिजली खुंटाला बांधलेली होती. टोपी काढली होती. गावाच्या तोंडून पाच-पन्नास गोळ्या खाऊन झालेलं ते जनावर पंजांवर हनुवटी टेकून पडलं होतं. खुशालरावांनी तिला एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तरी ते पुढे झाले.

गोठ्याच्या दारात ओली काळी माती होती. तीत तिचे पंजे उमटले होते. खुशालराव वाकले. वाघाचा, बिबट्याचा पंजा त्यांनी पाहिला होता. त्यात नखं दिसत नाहीत. वाघ ती आत ओढून चालतो, म्हणून धार राहते. इथे प्रत्येक बोटापुढे नखाचं टोक उमटलं होतं. कुत्र्याच्या पावलासारखं.

"नत्थू, तिचा पाय धर."

"काहून?"

"धर म्हनतो ना."

नत्थुजीनं तिचा पुढचा पंजा हातात घेतला. बिजलीनं जांभई दिली. खुशालरावांनी नखावर बोट फिरवलं. जमिनीवर घासून घासून ते बोथट झालं होतं. पंज्याच्या वरच्या अंगाला तेवढं एक नख वाकडं आणि तीक्ष्ण होतं, ते आकड्यासारखं अडकवायच्या कामाचं. त्यानं इतकी सरळ चीर पडली नसती. विळ्यानं ओढल्यासारखी होती ती.

"नत्थू, या नख्यानं काळविटाचं नरडं कसं चिरते रे?"

 नत्थुजीनं पंजा हळूच खाली ठेवला.

"बोल."

"मालकाची शपथ हाये पाटील."

"कशाची शपथ?"

"शिकारीवर काय होते ते गावात सांगाचं नाई. मले अन् जहीरले, दोघाईलेही. बैलाच्या शेपटीले धरून शपथ घेतली हाये." त्याचे डोळे भरले. "जित्या मानसाची शपथ मोडता येते. पाया पडता येते. मेलेल्याच्या कसं पाया पडू?"

४

दिवस कलला तेव्हा खुशालराव चावडीच्या खोलीत गेले. जहीर भिंतीला टेकून बसला होता. समोरची भाकरी तशीच होती.

"खाल्लं नाई?"

"आधी सांगा, बिजलीले मारलं काय?"

"नाई. माह्या मानसानं गोठा राखला हाये."

जहीरनं डोळे मिटले. मग भाकरीचा तुकडा मोडला.

"जहीर, उद्या जमादार येईन. तो मले इचारणार, हा मानूस रमण्यात काय करत होता. मी काय सांगू?"

"काई सांगू नका."

"तुले फाशी देतीन."

"देतीन."

"हलीमाबी पायरीवर बसून हाये सकाळपासून."

तुकडा त्याच्या हातातच राहिला. 

"पाटीलसाब, तुमी कोनाले सांगनार नाई?"

"सांगाची येळ आली तं सांगीन. खोटं वचन देत नाई."

जहीर कसनुसा हसला. "म्हनून तं तुमाले सांगून राहिलो." तो पुढे सरकला. "रमण्यात जंगली चित्तीण आली हाये. पिल्लं हायेत संगं. करवंदीच्या जाळीत. माह्या बापानं सांगतलं होतं का आता वऱ्हाडात नाई दिसनार. मी दिसल्याबरोबर मालकाले सांगतलं. परवा सांजच्याले मालकाले नेलं. दोघं पोटावर पडून पाहत होतो. पिल्लं मायची शेपटी धरत होते. मालक रडले, पाटीलसाब. एवढा मोठा मानूस."

"मंग?"

"मंग म्हने, जहीर, रमणा मोडाचा नाई. गवताची काडी तोडाची नाई. अन् कोनाले सांगाचं नाई. लोक जाळी लावतीन, पिल्लं मारतीन. तू रोज पहाटे जाऊन राखन कर. म्हनून मी गेलतो. तिथंच होतो. पुंजारामभाऊ आला अन् मले ओढून घेऊन गेला."

 गाव म्हणत होतं, रमणा मोडणार म्हणून जहीरनं मारलं. पण रमणा मोडायचा नव्हता. जहीरला देशमुख मरायला नको होते. देशमुख जगले असते तर त्याची भाकरी जगली असती.

रमणा कपाशीसाठी करायला मिळणार होता पुंजारामला. त्याच रमण्याच्या भरवशावर अमरावतीकडची सोयरीक ठरली होती. महिनाभर तो घरात दुसरं काही बोलत नव्हता. इथं पराटी, तिथं विहीर, या कोपऱ्यात घर.

"मालकानं... हे आनखी कोनाले सांगतलं होतं? रमणा मोडाचा नाई म्हनून?"

जहीरनं खाली पाहिलं.

"सांग."

"काल सांजच्याले मालक पुंजारामभाऊच्या वावरात गेले होते. म्हने, पोरगा आस लावून बसला हाये, माह्याच तोंडानं सांगतो."

काल सांजेला पुंजाराम घरी आला होता. जेवताना खुशालरावांनी विचारलं होतं, देशमुख भेटले काय रे? तो म्हणाला होता, नाही. आणि हसला होता.



"जहीर, शिकारीवर बिजली काय करते?"

"ते नाई सांगता येत. शपथ हाये."

"दाखवता येते?"

जहीरनं मान वर केली.  "दाखवाले मालकानं मना नव्हतं केलं," तो म्हणाला.

५

जमादार घोड्यावरून आला तेव्हा सकाळ झाली होती. खुशालरावांनी त्याला चावडीवर बसू न देता रमण्याकडे नेलं. गाव मागे निघालं. पुंजाराम खुशालरावांच्या बरोबर चालत होता.

"भाऊजी, हे काय नाटक करून राहिले? आरोपीच्याच हातात चित्ता देता?"

"तू जवळ राह्य माह्या."

"मी तं हावोच."

नत्थुजीनं छकडा हाकला. जहीर बिजलीजवळ बसला, कमरेला दोरी बांधलेली, दोरीचं टोक शिपायाच्या हातात. गवताच्या उतारावर काळविटांचा कळप चरत होता. छकडा तिरपा तिरपा जवळ गेला. एका काळ्या नरानं मान वर केली, गाडी पाहिली आणि पुन्हा खाली घातली.

जहीरनं टोपी काढली.

बिजली उडी मारून खाली आली, गवतात दबली, थोडं सरकली. आणि मग ती धावली. वेग पाहून जमादाराच्या तोंडातून शिवी निघाली. कळप फुटला. काळवीट वळलं, ती वळली, तिनं पुढचा पंजा मारला आणि त्याचे पाय आकाशाकडे गेले. क्षणात ती त्याच्या नरड्याला लागली.

"चला," खुशालराव म्हणाले. "सगळे चला. जवळ."

"चित्ता बुजन," कोणी म्हणालं.

"बुजू द्या. आजवर कोनी पाहिलं नाई, आज पाहा."

लोक भीत भीत पुढे सरकले. बिजली आडवी पडली होती, काळविटाचं नरडं तोंडात. काळवीट पाय झाडत होतं. खुशालराव पुंजारामकडे वळले. त्यांचा आवाज कोरडा होता.

"आता काय करन रे ती?"

"काय करन म्हंजे? नरडं चिरन. लहानपनापासून पाहून राहिलो ना आपून."

"पाहू."

सगळे पाहत राहिले. बिजलीनं काही चिरलं नाही. ती नुसती धरून राहिली. तिचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. काळविटाचे पाय हळूहळू मंदावत गेले. गवतावर रक्ताचा थेंब पडला नाही.

"आता, जहीर," खुशालराव म्हणाले.

जहीर गुडघ्यावर बसला. काळविटात धुगधुगी होती. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं, शिपायाच्या कमरेची सुरी मागून घेतली आणि हनुवटीखाली आडवी ओढली. रक्त पळीत घेतलं. पळी पुढे आली तशी बिजलीनं पकड सोडली आणि ती रक्त पिऊ लागली. पीत असतानाच टोपी तिच्या डोळ्यांवर बसली. तिनं पळी तळापर्यंत चाटली, लाकूड ओलं दिसेनासं होईपर्यंत. तिची हनुवटी लाल झाली होती.

 मग मैनाबाई म्हणाली, "अगं माय! म्हंजे नरडं हा कापत होता?"

"हेच," नत्थुजी एकदम रडू लागला. "खायाच्या आधी हलाल कराचं, अन् तिले रक्त द्याचं. मालक म्हने, गावात सांगू नका. नख्याचा दरारा राहू द्या."

खुशालराव पुढे झाले. काळविटाच्या मानेवर चिरेच्या वर त्यांनी बोट ठेवलं. तिथे दातांची भोकं होती. बारीक, खोल.

"जमादार, हे पाहा. बिजली मारते ती अशी. मालकाच्या मानेवर भोकं नाई. नुसती चीर हाये. विळ्याची."

जमादारानं मिशी चावली. "मग यानंच विळ्यानं कापलं असंल. गावाला वाटतं चित्ता चिरतो, म्हणून मुद्दाम."

"तसं असतं तं त्यानं पळी अन् टोपी तिथं ठेवली असती काय? स्वतःचं नाव सांगाले? चित्ता सुटला अन् मालकाले मारलं, एवढंच दाखवलं असतं." खुशालराव थांबले.  "नत्थूनं जहीरवर आळ घ्याले केलं म्हनाल, तं ती पळी नत्थू जन्मभर धुतो. ती चाटून कोरडी होऊन परत येते हे त्याले ठाऊक हाये. काल पळी काठोकाठ भरून होती. बिजलीच्या तोंडाले रक्त नव्हतं. ज्यानं ती भरून ठेवली त्याले एवढंच माहीत होतं का पळीत रक्त असते. त्यानं शिकार कधी जवळून पाहिली नव्हती. चावडीपुढं टाकलेलं काळवीट पाहिलं होतं, आपल्यावानी."

"रमण्यात कोण कोण गेलं होतं?" जमादारानं विचारलं.

मैनाबाईनं तोंडावर पदर धरला. गावातले लोक हळूच बाजूला सरकले आणि मध्ये पुंजाराम एकटा राहिला.

६

"भाऊजी, तुमी..." पुंजाराम म्हणाला. "तुमी काय बोलून राहिले?"

"परवा सांजच्याले मालक तुह्या वावरात आले होते. तू मले नाई म्हनला."

पुंजारामनं इकडे तिकडे पाहिलं. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. मग तो खाली बसला, गवत मुठीत धरून.

"म्या पाया पडलो त्याईच्या," तो म्हणाला. "काल सकाळीही पडलो. म्हनलं, अर्धा तरी द्या. म्हने नाई. काहून नाई? तं म्हने, ते तुले नाई सांगता येत. हसत होते भाऊजी! माहं घर मोडून राहिले अन् हसत होते! विळा हातातच होता." त्यानं डोळे वर केले. "मंग मले समजलंच नाई. छकडा दिसला, नत्थू घोरत होता. मले वाटलं, जहीर तं असाही जानारच हाये गाव सोडून."

 जहीर बिजलीची साखळी धरून उभा होता. हलीमाबी गर्दीतून आली आणि त्याच्या कमरेची दोरी दातांनी सोडू लागली. शिपायानं तिला अडवलं नाही.

पुंजाराम गुडघ्यांवर सरकत खुशालरावांजवळ आला. आवाज अगदी खाली आणला.

"भाऊजी, नाल्याकडून जातो मी. गाळातून. पोचलो तं पोचलो. तुमी फक्त दुसरीकडं पाहा."

क्षणभर खुशालरावांनी नाल्याकडे पाहिलं. नाल्याच्या काठावर पळस होते, त्यापलीकडे पांढरी फुललेली पराटी, त्यापलीकडे काही नाही. एवढंच करायचं होतं. मान वळवायची होती.

त्यांनी शिपायाच्या हातातून दोरी घेतली आणि पुंजारामचे हात स्वतः बांधले. गाठ नीट बसेना. दोनदा सुटली.

जहीर जवळ आला. "पाटीलसाब, मी येतो संगं."

"तू घरी जा. लेकरं वाट पाहत असतीन."

"रमणा आता कोन राखन?"

खुशालरावांनी उतारावर पाहिलं. कळप पुन्हा गोळा झाला होता. देशमुखांना मूल नव्हतं. पुतण्यांनी कालच येऊन शेतं पाहिली होती. पुढच्या साली इथे पराटी असेल, हे जहीरलाही कळत होतं.

"जोवर हाये तोवर तू राख," ते म्हणाले.

अकोल्याचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरला होता. जमादार पुढे घोड्यावर, मागे शिपाई, मध्ये पुंजाराम आणि त्याच्या शेजारी खुशालराव. पाटलानं एवढ्या लांब पायी यायची गरज नाही, असं जमादार दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. गाड्यांच्या धुळीनं सगळे एकाच रंगाचे झाले. मोर्णेच्या पाण्यात उतरल्यावर पुंजारामला तहान लागली. हात बांधलेले होते. खुशालरावांनी ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या तोंडाशी धरलं. तो प्यायला, आणखी मागितलं, आणखी प्यायला.

"परत जा भाऊजी," तो म्हणाला. "तुमी काहून येऊन राहिले?"

खुशालराव चालत राहिले.

कचेरीच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं जमादाराला आणि कैद्याला आत सोडलं आणि भाला आडवा धरला.

"तुम्ही कोन? आत नाई जाता येत."

"पळसखेडचा पाटील."

"पाटलाचं काम झालं आता. जा. का कोनी लागतो तुमचा?"

खुशालरावांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. धूळ झटकली.

"साळा हाये माहा," ते म्हणाले. "मायबाप नाई त्याले. दुसरं कोनी येनार नाई."

पहारेकऱ्यानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि भाला बाजूला घेतला.